वहिनींच्या लॅपटॉपमधलं सेटिंग

वहिनींचा लॅपटॉप मी बिघडवला आणि आळ त्यांच्यावर येऊ दिला. ही गोष्ट मी आजवर घरात एकदाच, तीही अर्धवट सांगितली आहे.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कोणाचा प्रिंटर अडला, वायफाय बंद पडला की मला बोलावणं येतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, व्हिडिओ बघून शिकलेलो. पण चार घरांतून 'तुम्ही होतात म्हणून झालं' असं ऐकलं की माणूस फुगतो. मी चांगलाच फुगलो होतो.

वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. बोलताना अडखळणाऱ्या, उशिरा बोलू लागलेल्या मुलांचा बोलण्याचा सराव त्या घेतात, बराचसा लॅपटॉपवरूनच. प्रत्येक मुलाचे आवाज त्यांनी त्यात साठवलेले असतात, पहिल्या शब्दापासूनचे. लॅपटॉप हळू चालतोय, जरा बघता का, एवढंच त्या एका रविवारी म्हणाल्या आणि बाजारात गेल्या.

मी बघितला नाही, थेट कामालाच लागलो. विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकायची, सुरू करताना हवी ती यादीतून निवडायची. माझ्या स्वतःच्या मशीनवर हे कधी केलं नव्हतं, करून बघायची हौस होती. वहिनींना विचारलं नाही. विंडोज सुरू होण्याआधीच एफ-टू दाबलं की सेटिंगचं एक पान उघडतं. तिथे जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे परकी सिस्टिम सुरू होऊ न देणारा पहारा, बंद केलं, कारण व्हिडिओत तसं सांगितलं होतं. फास्ट बूट चालू केलं, कारण नाव बरं वाटलं.

लिनक्स झकास चाललं. मग विंडोज निवडलं, तर निळा पडदा आला आणि अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागू लागला. आतलं सेटिंग बदललंय हे त्याला कळलं होतं, म्हणून कुलूप. ती किल्ली कुठे नोंदवलेली असते ते ना मला माहीत, ना वहिनींना. म्हटलं, सेटिंग पूर्ववत करू. पण आता एफ-टू दाबलं तरी ते पान उघडेना. मशीन इतकं झटकन सुरू व्हायचं की कळ दाबलेली त्याला समजायचीच नाही. दाबून धरली, टकटक दाबली, दुसऱ्या कळा दाबल्या. दुपार त्यातच गेली.

वहिनी परत आल्या, चहा घेऊन शेजारी बसल्या. काय झालं, असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

"विंडोजचं अपडेट अर्धवट राहिलंय बहुतेक," मी म्हणालो. "तुम्ही मध्येच बंद केला होतात का?"

त्या विचारात पडल्या. "परवा घाईत झाकण लावलं होतं खरं."

तिथे मी खरं सांगायला हवं होतं. मी फक्त मान हलवली.

सोमवारी त्यांनी एकेका मुलाच्या आईला फोन करून सराव रद्द केला. मी समोरच बसलो होतो. प्रत्येकीला त्या हेच सांगत होत्या, 'माझ्याच हातून लॅपटॉप बिघडला.'

संध्याकाळी आम्ही तो जवळच्या शिरवणे गावात एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान गावातल्याच एक बाई चालवतात. त्यांनी मशीन दोनदा चालू-बंद केलं आणि आमच्याकडे बघितलं.

"हा आपोआप झालेला नाय. कोनीतरी आत जाऊन सेटिंग बदललीय. काय काय बदललाय ते सांगा, म्हंजे लवकर होईल."

मला दोन शब्दांत सांगता आलं असतं. काउंटरच्या काचेवर कुणीतरी चिकटवलेलं स्टिकर मी वाचत राहिलो.

"मीच काहीतरी दाबलं असेल," वहिनी म्हणाल्या. "मला यातलं कळत नाही हो."

बाई माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या, मग कामाला लागल्या. सुरुवातीला जी निवडीची यादी येत होती, तिच्या शेवटच्या ओळीवर त्या गेल्या. फर्मवेअर सेटिंग्ज, असं तिथे सरळ लिहिलेलं होतं, म्हणजे एफ-टूने उघडणारं तेच पान. काल दुपारभर ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. एफ-टूच्या नादात मी ती वाचलीच नव्हती. त्यांनी सिक्युअर बूट चालू केलं, फास्ट बूट बंद केलं, विंडोज पहिलं लावलं. किल्ली न मागता विंडोज उघडलं. मुलांचे आवाज जसेच्या तसे होते. वहिनींनी त्यातला एक तिथेच लावून ऐकला आणि डोळे पुसले.

त्यानंतर वहिनी लॅपटॉपला घाबरू लागल्या. पडद्यावर काहीही आलं की मला फोन, भावोजी, हे दाबू का. पूर्वी त्या स्वतःच सगळं करायच्या. तीन आठवडे मी ते फोन घेतले, समजुतीच्या आवाजात उत्तरं दिली. शेवटी एकदा त्यांनी विचारलं की रोज झाकण लावलं तर चालेल ना. मी त्यांच्या घरी गेलो आणि सेटिंग मी बदललं होतं, असं सांगितलं. 'मध्येच बंद केला होतात का' हे मी मुद्दाम विचारलं होतं, तेवढं मात्र सांगू शकलो नाही.

"म्हणजे मी काही दाबलं नव्हतं?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

"नाही," मी दोन्ही वेळा म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. तुमच्या दादाला सांगू नका, एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या मुलाच्या सरावाची वेळ झाली म्हणून उठल्या. आता लॅपटॉपचं काही निघालं, तर त्या एकट्या रिक्षाने शिरवण्याला जातात.