सरांची ऑफिसातली खुर्ची

आमच्या डहाणूच्या बास्केटबॉल क्लबच्या ऑफिसात सरांना आणायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त विरोध मी केला. आणि ते आले त्या दिवशी पहिला पेढा मीच खाल्ला, कारण सर समोर बसले होते.

सर म्हणजे एके काळचे राज्याच्या संघाचे कोच. चेंडू धरायला मला त्यांनीच शिकवलं. आता मुलींच्या टीमची कोच मी. शिट्टी जेमतेम गळ्यात रुळायला लागली होती, तेवढ्यात कमिटीला सुचलं की सरांना व्यवस्थापक करावं. आमचे अध्यक्ष गुजराती, चिकूच्या वाडीवाले. म्हणाले, "बेन, सरांचं नाव असलं तर जिल्ह्याचे सामने आपल्याकडे येतील. ते फक्त कागद बघतील." कागद म्हणे. माझ्या लग्नात सरांनी हातात अक्षता घेऊन माझ्या नवऱ्याला झोन डिफेन्स समजावला होता.

मी अट घातली आणि इतिवृत्तात लिहून घेतली, की व्यवस्थापकांनी कोर्टावर पाऊल ठेवायचं नाही. सरांनी हसत हसत सही ठोकली.

पाऊल त्यांनी खरंच ठेवलं नाही. ऑफिसच्या दारात खुर्ची टाकली, चपला कोर्टाच्या रेषेपासून वीतभर मागे, आणि खोकायला लागले. एकदा खोकले की पास, दोनदा खोकले की मागे पळा. चार दिवसांत पोरींना तो खोकला पाठ झाला. माझ्या शिट्टीला कुत्रं विचारेना. मी ज्येष्ठमध आणून दिलं, म्हटलं, "सर, घसा सांभाळा." ते त्यांनी गालात धरलं आणि पत्र्याच्या टेबलावर पेनाने टकटक सुरू केली. माझं टाळकंच सटकलं. त्यात आमची कॅप्टन, धाकटी डहाणू नावाच्या कोळीवाड्यातली, आईबरोबर बोंबील वाळत घालून सरावाला येणारी गुणी पोर, मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा. पण आधी सरांना विचारून घ्या."

ते मात्र मला फार लागलं. मी राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. जिल्ह्याचे सामने होऊ देत, मग देते, असं ठरवलं.

सामने खरंच आमच्याकडे आले. पहिलीच गाठ तलासरीच्या पोरींशी, आणि त्या पळायला लागल्या की धरता येत नाहीत. शेवटची वीस सेकंद उरली, आम्ही एका गुणाने मागे. मी टाइमआउट घेतला. पाचही जणी माझ्याभोवती आल्या आणि पाचही जणींची नजर माझ्या खांद्यावरून ऑफिसच्या दाराकडे. सांगायला लाज वाटते, पण मीही तिकडेच बघितलं.

सर उठले. खुर्ची उचलली, फिरवली आणि कोर्टाकडे पाठ करून बसले. समोर नुसतं लोखंडी कपाट. ना खोकला, ना टकटक.

पोरी माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं, "कॅप्टनने आत घुसायचं, सगळ्या तिच्यावर धावतील. तिने चेंडू टाकायचा नाही. कोपऱ्यात पास द्यायचा." कोपऱ्यात आमची सगळ्यात बुटकी पोर होती. कॅप्टनने एकदा माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली.

बुटकीने टाकला आणि पडला. एका गुणाने जिंकलो. सगळं मैदान नाचत होतं आणि सर अजून कपाटाकडेच तोंड करून. मी धावत गेले.

"कोणी टाकला?" त्यांनी विचारलं.

"बुटकीने. कोपऱ्यातून."

सर म्हणाले, "मी असतो तर कॅप्टनलाच टाकायला सांगितलं असतं. हरलो असतो." आणि मान चोळत पुटपुटले, "उभ्या जन्मात मॅचकडे पाठ केली नव्हती गं. फार जड गेलं."

मला रडू आलं. त्यांना उठवलं, खुर्ची पुन्हा कोर्टाकडे फिरवून दिली, आणि पर्समधला राजीनामा त्यांच्याच टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.