चमचाभर गंगा

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भ्रम झाला असं सगळ्यांनी एका दिवसात ठरवून टाकलं. फुफ्फुसाचा कॅन्सर होता, तो बरा होणार नव्हता, हे आम्हाला माहीत होतं. पण डोकं शाबूत होतं. बुधवारपर्यंत ते पेपरातल्या चुका काढत होते. गुरुवारी सकाळी, नांदेडच्या माझ्या दोन खोल्यांत, मलाच विचारू लागले, "बैलं सोडली का?" बैल विकून दहा वर्षं झाली होती. दुपारी तर मला ओळखेनात, चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकू लागले.

डॉक्टरांना फोन लावला. आजार मेंदूत गेला असेल, आता वयही झालंय, म्हणाले. बघायला या म्हटलं तर वेळ नाही. उंटावरून शेळ्या हाकायला मात्र वेळ होता.

बिलोलीहून आत्या आली, आबांची थोरली बहीण. तिने उशाशी बसून निकाल दिला, "बोलावणं आलंय त्याला. गंगा पाज." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. शेवटचं म्हणून तिने चमचाभर पाणी आबांच्या तोंडात सोडलं. आबांनी चमचा दातांत धरला तो सोडेनात. माणूस तहानलाय, एवढी साधी गोष्ट त्या खोलीत कुणाला सुचली नाही. त्या खोलीत मीही होते, शाळेत विज्ञान शिकवणारी.

संध्याकाळी भांडूनच ऑटो आणला आणि दवाखाना गाठला. पोरगी सुखानं मरूही देत नाही, असं आत्या मागून म्हणत होती.

तिथल्या सिस्टरने पहिलाच प्रश्न विचारला, लघवी कधी झाली? मला सांगता येईना. चार दिवस आबा पाणी नको म्हणत होते आणि आजारपणात असं होतंच म्हणून मी तांब्या परत नेत होते. अंगातलं पाणी आटलेलं, लघवीत जंतू, त्यात दुखण्याचं औषध शरीरात साचलेलं. सलाईन लागलं, जंतूंवर इंजेक्शनं झाली, औषध कमी केलं. शनिवारी आबांनी डोळे उघडून पेपर मागितला. आत्याने सगळ्या सोयऱ्यांना फोन करून सांगितलं, गंगा पावली.

मी आबांना विचारलं, लातूरहून भाऊ आला की रविवारी पोटभर पाणी पिता, मग माझ्यापाशीच का नको?

"लघवीला बाटली तू धरतीस, माय. लेकीला हे करायला लावावं व्हय?"

डॉक्टरांवर आणि आत्यावर आला नव्हता एवढा राग मला या माणसावर आला. "लाजेपायी जात होतात तुम्ही," मी म्हणाले, "आणि मला न ओळखताच." मग त्यांनी पाणी मागितलं.

पुढे ते बावीस दिवस जगले, शेवटपर्यंत मला ओळखत. दिलेलं पाणी पीत. मी बाटली आणली की तेवढा वेळ उपरणं तोंडावर ओढून घेत, आणि मी ते कधी बाजूला केलं नाही.