न चाखता केलेलं सांबारं

नवरात्रातल्या पाककला स्पर्धेला बक्षीस काय द्यायचं यावर आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात दोन बैठका झाल्या आणि शेवटी टीव्हीवरच्या एका गाजलेल्या शेफचं जाडजूड पुस्तक कुणीतरी सुचवलं. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर तो स्वतः, हातातल्या नारळाकडे असा पाहतोय की जणू त्या नारळाने त्याला वाईट बातमी दिली आहे. पुस्तक घरी रांधणाऱ्या बाईच्या कामाचं आहे का, हे आधी कुणीतरी करून पाहावं असं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी उत्तम स्वयंपाक करते असा मुलुंडमधल्या आमच्या दोन्ही विंगांचा समज आहे. मागे एकदा मंडळात नेलेल्या पुरणपोळ्यांमुळे तो झाला. त्या स्टेशनजवळून आणल्या होत्या हे सांगायची वेळ तेव्हाच निघून गेली.

पुस्तक घेऊन सोफ्यावर बसले आणि वीस पानांतच मळमळायला लागलं. पिठल्यावर कुठल्याशा परदेशी अळंबीचं तेल. काळ्या पाटीवर मधोमध एकुलती एक कोथिंबीर वडी आणि तिच्या अंगावर मयताला वाहाव्यात तशा झेंडूच्या पाकळ्या. सोलकढीचा फेस केलेला, तो बघून मला कपडे भिजवायची बादली आठवली. साहित्याच्या यादीत ‘चिमूटभर माया’. आणि पानोपानी आजी. आजीचे सुरकुतलेले हात, आजीची चूल, आजीच्या पदराचा वास. एका माणसाला किती आज्या असाव्यात याला काही धरबंध आहे की नाही, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, फोटो छान आहेत.

पुस्तक तिथेच मिटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण शेवटाकडे एक मथळा दिसला : ‘माझ्या आजीचं म्हाळाचं सांबारं’. काळ्या वाटाण्यांचं. आणि मला नेमकी त्याचीच गरज होती.

आमचं सासर मालवणकडचं. सासरे गिरणीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पितृपक्षातलं त्यांचं श्राद्ध, ज्याला आमच्याकडे म्हाळ म्हणतात, सासूबाई दरवर्षी एकहाती रांधायच्या. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर, भोपळ्याची भाजी. मला फक्त नारळ खवायला आणि वडे थापायला जवळ येऊ द्यायच्या. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ओट्यापुढे उभं राहणं बंद झालं. बोरिवलीच्या नणंदेने लगेच एक केटरर शोधून काढला, म्हाळाचं अख्खं जेवण डब्यांतून घरपोच. नवऱ्याने इतक्या पटकन होकार दिला की मला त्याची दया आली. दोन दिवस सासूबाई जेवल्यासारखं करत होत्या. तिसऱ्या दिवशी वॉकर सरकवत स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, “तुका जमतला?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर सासऱ्यांचं पान त्या वर्षीपासून कायमचं बाहेरून आलं असतं, आणि त्याला कारण मी झाले असते.

प्रमाण विचारलं तर त्या म्हणाल्या, अंदाजान. त्यांचा अंदाज त्यांच्या हातात आहे, माझा जिभेवर. माझी आमटी तयार होईतो वाटीभर आमटी माझ्या पोटात गेलेली असते. आणि म्हाळाच्या दिवशी नेमकं तेच चालत नाही. पितरांना नैवेद्य दाखवून होईपर्यंत काही म्हणजे काहीही चाखायचं नाही. म्हणून मला लेखी आधार हवा होता. एका दगडात दोन कामं, असं मी नवऱ्याला सांगितलं, म्हाळही होईल आणि मंडळाचं परीक्षणही. “ट्रायल घ्यायला तुला माझे बाबाच सापडले?” एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी सकाळी सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या आणि मी पुस्तक मिक्सरला टेकवून उभं केलं. पाककृतीत पहिल्याच ओळीत लसूण होती. म्हाळाला आमच्याकडे लसूण घालत नाहीत, ती मी स्वतःच्या अकलेने गाळली आणि वर त्याचा अभिमानही वाटून घेतला. खरं तर संशय तिथेच यायला हवा होता. वाटाणे शिजवताना ‘चवीनुसार मीठ’. मी एक चमचा घातलं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप परतताना ‘मीठ घाला, आता डोळे मिटून चाखा’. मी डोळे मिटले, चाखलं नाही, एक चमचा घातलं. सगळं एकत्र उकळताना ‘पुन्हा चाखा, आजीला आठवा, मीठ जुळवा’. मी माझ्या आजीला आठवलं आणि तिसरा चमचा घातला.

“मीठ घातलंस ना गो?” सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं.

“घातलं ना, बघून घातलं,” मी म्हणाले. पुस्तकात बघून, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

पान वाढून खिडकीबाहेर ग्रिलवर ठेवलं. कावळा आला, वडा घेऊन उडाला. दुसरा आला, त्याने वाटाण्यांत चोच घातली, मान झटकली आणि पान सोडून कुंडीखालच्या बशीतलं पाणी पिऊ लागला. नवरा म्हणाला, ऊन आहे. मीही म्हटलं, ऊन आहे.

पहिला घास सासूबाईंचा. त्यांनी वडा मोडला, सांबाऱ्यात बुडवला, तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या. म्हाळाला आलेल्या नणंदेने तिचा घास थेट ताटाच्या कडेला काढून ठेवला. मी खाल्लं. ते सांबारं नव्हतं, वर्सोव्याला सुकत घातलेली मासळी उकळून तिचं पाणी प्यावं तसं काहीतरी होतं. मला शिसारी आली. त्या पुस्तकाची, त्यातल्या पाकळ्यांची, फेसाची, आणि सगळ्यात जास्त माझी. माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या बाईला मी ‘बघून घातलं’ म्हणाले होते.

मी पुस्तक आणलं आणि सगळं कबूल केलं. नणंदेने ती पाककृती मोठ्याने वाचून दाखवली, चाखा, पुन्हा चाखा, डोळे मिटून चाखा. सासूबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी अगदी साध्या कुतूहलाने विचारलं, “ह्याच्या आजयेन म्हाळाक चाखान बघल्यान?”

म्हाळाच्या दिवशी चाखत चाखत रांधणारी आजी आमच्यात तरी कुणी पाहिलेली नाही. ती आजी त्या माणसाने ऑफिसात बसून तयार केली होती, आणि तिच्या भरवशावर मी माझ्या सासऱ्यांचं पान वाढलं होतं.

नणंद हळूच म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी केटररला सांगूया. वहिनीला तरी कशाला त्रास?”

सासूबाई टेबलाला धरून उठल्या, वॉकर ओट्यापर्यंत नेला आणि मला नारळाचं दूध काढायला लावलं. दूध आणि दोन उकडलेले बटाटे गेल्यावर सांबारं खाण्याजोगं झालं, चांगलं मात्र झालं नाही. मग त्यांनी मिठाची बरणी उघडली, आपला तळहात भरला आणि ते मीठ माझ्या तळहातावर ओतलं. माझ्या हातात ते अगदी मध्यभागापुरतंच होतं. “पाव किलो वाटाण्यांक येवढा. एकदाच. वाटप घातल्यावर,” त्या म्हणाल्या. आणि नणंदेकडे वळून, “पुढच्या वर्षी हीच करतली. मी खुर्चेर बसान.”

मी ते मीठ चमच्याने मोजलं. सपाट दीड चमचा भरलं. मी त्याच्या दुप्पट घातलं होतं.

मंडळाला मी कळवलं की पुस्तक टीव्ही बघत जेवणाऱ्यांसाठी ठीक आहे, रांधणाऱ्यांना देऊ नये. फोटो छान आहेत म्हणून त्यांनी तरीही पहिलं बक्षीस म्हणून तेच दिलं. दीड चमच्याचं प्रमाण मला म्हाळाच्या दुपारीच कुठेतरी लिहून ठेवायचं होतं आणि त्या घडीला हाताशी तेच पुस्तक होतं, पण त्या पानावर लिहायची मला किळस आली. मार्कर शोधला आणि मिठाच्या बरणीच्या झाकणावर लिहिलं.