सासूबाईंचा चिंचोका

आमच्या घरात भांडण मिटवायला पंच लागत नाहीत, चिंचोका लागतो. ही पद्धत सासूबाईंची. खापरखेड्याला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये दोन पोरं वाढवताना आधी आंघोळ कोणाची, बसमध्ये खिडकी कोणाची, याचा निकाल त्या मधोमध फोडलेला चिंचोका फेकून लावायच्या. पांढरी बाजू वर आली की थोरल्याचं खरं, काळी आली की धाकट्याचं. थोरला म्हणजे माझा नवरा. आईनं डावंउजवं केलं असं म्हणायची सोयच नव्हती.

पुढं धाकटे दीरही तिथंच नोकरीला लागले; मागल्या वर्षी त्यांची शहरात बदली झाली आणि क्वार्टर सुटलं. धाकटे दीर प्रताप नगरात नवीन फ्लॅट घेत होते, तो तयार होईपर्यंत सासूबाई नंदनवन वस्तीत आमच्याकडे आल्या. मी शाळेत गणित शिकवते, माझा आवाज मुळातच मोठा, आणि त्यांचाही काही लहान नाही. मी भाजी केली की त्या गुपचूप तिखट घालणार. मी कूलर लावला की त्या बंद करणार, वर मलाच विचारणार, "काहून वं, हिमालय करून राहिली का घराचा?" संध्याकाळी मात्र आम्ही दोघी पटावर चिंचोके टाकून अष्टाचंग खेळायचो आणि त्यातही भांडायचो.

त्याच सुमारास नववीला संभाव्यता शिकवायची होती. दोन बाजू, दोन्ही सारख्या, म्हणून प्रत्येकीची शक्यता निम्मी, हे फळ्यावरचं गणित. मग तीच वस्तू खरोखर पुन्हापुन्हा फेकायची आणि काय पडतं ते मोजायचं, हा प्रयोग. नाण्यानं फळ्याची लाज राखली. पण नाणी बाकांखाली पळत होती, पोरं त्यांच्यामागे पळत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंचा चिंचोक्यांचा डबा नेला. वर्गभर नुसता खडखडाट. शेवटी बेरीज मांडली, तर काळी बाजू निम्म्याहून कितीतरी जास्त. मला वाटलं, ही भैताडं मोजायला चुकली. पुन्हा फेकायला लावलं, तरी तेच. मग डोक्यात उजेड पडला. चिंचोक्याची पांढरी बाजू सपाट, काळी फुगीर. तो आपला सपाट बाजूवर बसतो आणि काळी वर येते. दोन बाजू आहेत म्हणून दोन्ही सारख्या, हे मी मनानंच धरून चालले होते.

घरी येऊन हौसेनं सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे लहानपणी मला कधी खिडकी मिळाली नाही, ती यामुळं?" असं म्हणून तो पन्नाशीचा माणूस खरंच रुसला. सासूबाई पदराआड हसत राहिल्या.

आणि मग प्रताप नगरचा फ्लॅट तयार झाला. दीर आईला न्यायला आले. त्यांच्याकडे लिफ्ट, आमच्याकडे दोन जिने. नवरा म्हणाला, आई इथंच राहू दे. दीर म्हणाले, ठरलं होतं ना. दोघंही आईकडे बघायला लागले. "एकाचं ऐकलं तं दुसरा तोंड फुगवन," म्हणत सासूबाईंनी चिंचोक्यांचा डबा काढला.

त्या गेल्या तर भाजीत तिखट कमी पडेल, हे मला तेव्हा कळलं. मी चटकन म्हणाले, "या वेळी काळी थोरल्याची. फार वर्षं एकाचीच चालली." दिरांना काय माहीत, ते हो म्हणाले. माझा प्रयोग होता ना पाठीशी. सासूबाईंनी चिंचोका फेकला.

पांढरी पडली.

जन्मभर माझ्या नवऱ्यासाठी न पडलेली पांढरी आजच पडली, तीही मी अदलाबदल केल्यावर. माझं डोकंच फिरलं. "एका फेकीला काही अर्थ नसतो," असं म्हणत मी चिंचोका उचलला आणि स्वतःच फेकायला बसले. काळी. परत काळी. मध्ये एक पांढरी. पुन्हा काळी. "बघा, बघा, जास्त काय पडतं ते बघा," असं मी दिरांना वर्गातल्यासारखी दरडावत होते. नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, पुरे."

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "त्या बियाले काय विचारून राहिली? तुले मी पाहिजे का नको, थे तोंडानं सांग ना वं."

"पाहिजे," मी म्हणाले, आणि दिरांसमोर ढसाढसा रडले. "तुम्ही गेल्या तर मी संध्याकाळी भांडू कोणाशी?"

त्यांनी माझ्या हातातला चिंचोका काढून घेतला, डब्यात टाकला आणि झाकण लावलं. मग धाकट्या लेकाकडे वळून म्हणाल्या, "तू लहानपणभर खिडकीत बसला गा. आता याले बसू दे."