दस्तगीरभाईंचं चिलखत विकणे आहे

दस्तगीरभाईंशी माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा एक दात शहीद झाला. लातूर-नांदेड एसटी होती. अहमदपूरच्या अलीकडं ड्रायव्हरनं म्हशीसाठी करकचून ब्रेक मारला आणि मी शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाच्या छातीवर जाऊन आदळलो. माणसाची छाती मऊ असते, असा माझा पन्नास वर्षांचा समज होता. ही छाती विहिरीवरच्या जाळीसारखी निघाली. असा खणखणाट झाला की पुढची म्हातारी देवाचं नाव घेत जागी झाली, गाडी डावीकडं कलली, आणि घंटा वाजली समजून अहमदपुरातली एखादी शाळाही सुटली असेल.

कंडक्टर धावत आला. "काय नेऊन राहिले? लगेजचं तिकीट काढा."

"लगेज कुठाय मास्तर? अंगावरचे कपडे हायेत," असं म्हणत त्या गृहस्थानं ढगळ पठाणीची दोन बटणं सोडली. आत गळ्यापासून गुडघ्यापर्यंत स्टीलच्या कड्या! पंधरा किलोचं साखळीचं चिलखत. पिशवीत ठेवलं असतं तर लगेज पडलं असतं. अंगात घातलं तर फुकट. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेल्या कंडक्टरनं डोकं खाजवलं, आणि कपड्याला तिकीट लावायचा नियम आठवेना म्हणून मुकाट्यानं बेल मारली. माझा दात मात्र कुठल्याच नियमात बसला नाही.

त्या दातावरून आमची ओळख वाढली. दस्तगीरभाईंचं लातुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपाला तांब्याची तार गुंडाळून पुन्हा उठवायचं, हा तीन पिढ्यांचा धंदा. हात इतका सरळ की तारेचे वेढे शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे पडत. त्याच हातानं त्यांनी सळईवर स्टीलची तार गुंडाळली, कड्या कापल्या आणि दोन वर्षं एकात एक अडकवत एकोणीस हजार कड्यांचा हा अंगरखा विणला. कशासाठी? तर नांदेडात कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात दर रविवारी आठ जण जमत, जुन्या काळच्या शिपायांसारखे लोखंड चढवत आणि बोथट तलवारींनी एकमेकांना बडवत. त्यात एक प्राध्यापक होते, एक औषधविक्रेते, एक विमा एजंट. बडवून झालं की सगळे भजी खात.

पुढं विमा एजंटाच्याच तलवारीनं दस्तगीरभाईंचं खांद्याचं हाड मोडलं. त्यांचा विमा त्याच्याकडंच होता, तरी त्यानं हात आखडला नाही, हे त्याच्या खिलाडूपणाचं लक्षण. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी खांद्यावर ओझं घ्यायला कायमची बंदी केली.

चिलखत घरातल्या खुर्चीवर बसलं. पाहुणे आले की उभे राहत, कारण त्याला उठवायला दोन माणसं लागत. भाभी, म्हणजे सालेहाभाभी, मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगा यांना. रमजानच्या आधी हे घरातून गेलं पाहिजे. भंगारवाला रोज दारावरून जातो."

"भंगार?" दस्तगीरभाई ताडकन उठले. "सर, एक एक कडी माझ्या बोटातून गेली. जो अंगात घालंल त्यालाच देणार. न्हाईतर कबरीत संगं नेतो."

"न्या," भाभी म्हणाल्या, "पण लगेज तुम्ही भरा."

मी इंटरनेटवर जाहिरात लिहून दिली. फोन आले. एका नवरदेवाला लग्नाआधीच्या फोटोंसाठी एक दिवस भाड्यानं हवं होतं. एकानं विचारलं, ॲव्हरेज किती देतं. एकाला कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी पाहिजे होती. त्याला दस्तगीरभाईंनी जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाही.

शेवटी देवणीचे अण्णाराव धावून आले. हे जनावरांच्या बाजारातले दलाल. त्यांच्या बोअरची मोटार दस्तगीरभाईंनी चार वेळा जिवंत केली होती. "आणा बाजारात," ते म्हणाले. "आजवर माझ्या हातून न खपलेली चीज न्हाई."

बाजाराच्या दिवशी देवणी जातीच्या बैलांच्या रांगेत एका खुंट्याला आम्ही चिलखत लटकवलं. अण्णाराव सवयीनं ओरडू लागले, "गरीब हाय, मारकं न्हाई, वैरण लागत न्हाई, जिथं बांधाल तिथं ऱ्हातंय!" शेजारचा बैल भीतीनं दावं ओढू लागला. गर्दीतून मुखेडकडचा एक शेतकरी पुढं आला. रामलिंग त्याचं नाव.

"आमच्या शिवारात बिबट्या दिसलाय," तो म्हणाला. "ज्वारीला पाणी द्यायला जायचं म्हणलं तर गडी बी येईना झालेत. ह्यातून दात जाईल का?"

"माझा गेला होता," मी म्हणालो.

"अंगात घालणार का?" दस्तगीरभाईंनी पुढं सरकत विचारलं.

"मंग काय डोक्याला गुंडाळू?"

दस्तगीरभाईंना गहिवरून आलं. नांदेडात आठ जण खोटंखोटं लढत. हा खऱ्या जनावराला तोंड देणार होता!

अण्णारावांनी दोघांच्या हातावर आपला टॉवेल टाकला. तिथं भाव तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली बोटं दाबून होतो. एक बोट म्हणजे एक. एक काय, ते जनावर पाहून दोघांना आपोआप कळतं: बैल असेल तर दहा हजार, शेळी असेल तर हजार. पण चिलखत या जातीचं जनावर देवणीत कधी उभंच राहिलं नव्हतं. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. सात बोटांवर सौदा जमला. टॉवेल उचलला. रामलिंगनं सातशे रुपये पुढं केले.

दस्तगीरभाईंच्या मनात सात हजार होते.

"टॉवेल उचलला, शब्द बदलत न्हाई," अण्णाराव खाली बघत म्हणाले. "बाजार हाय, भाऊ."

मला वाटलं, आता इथं खरी लढाई होणार. पण रामलिंगनं तोवर चिलखत डोक्यातून चढवलं होतं. ते त्याला असं बसलं की शिंप्यानं माप घेतल्यागत. तो दोन पावलं चालला, कड्या खळखळल्या. दस्तगीरभाईंनी सातशे रुपये न मोजता खिशात घातले आणि त्याची कॉलर सरळ केली. "पाऊस लागला तर पुसून ठेव बाबा," एवढंच म्हणाले.

महिन्याभरानं त्यांना राहवेना. मला घेऊन ते मुखेडची एसटी धरून रामलिंगच्या गावी गेले. रामलिंग शेतात होता, नुसत्या सदऱ्यावर. त्याची बायको महानंदा चहा घेऊन आली.

"वहिनी, चिलखत?"

"दोन दिस घातलं की ह्यांनी! दुसऱ्या दिशी पाण्याच्या सरीत बसले ते उठेनात. चौघांनी उपसून काढलं. बिबट्या तर म्हणं कुत्रं निघालं." मग तिनं कमरेला खोचलेली तळहाताएवढी कड्यांची जाळी काढली आणि चुलीवरच्या काळ्या तव्यावर घासली. तवा लख्ख झाला. "ह्यांच्या पकडीनं मीच तुकडे केले. बचत गटाच्या बाया भांडून घेऊन गेल्या. शेजारच्या गावातून मागणी हाय. तुमच्याकडं आणखी एक हाय का, भाऊ?"

दस्तगीरभाईंनी तो तुकडा हातात घेतला, एक कडी जराशी उघडली होती ती दातानं दाबून बसवली आणि परत दिला.

एकंदर एकेचाळीस घासण्या निघाल्या.