कदम मॅडमच्या टाकीचं पाणी

"साहेब, कदम मॅडमच्या टाकीवर पाचव्या दिवशी नळ येतोय. आमच्या गल्लीत आज नववा दिवस हाय. आमी गावात राहत न्हाई का?"

शोभाताई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. मागं त्यांच्या गल्लीतल्या सहा-सात बायका. मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचा इंजिनियर होतो. गावाचं नाव लिहीत नाही, मानवत-पाथरीच्या पट्ट्यातलंच आहे. नवव्या दिवसाची तक्रार मला नवी नव्हती. झोंबलं ते मॅडमचं नाव.

गावात दोन उंच टाक्या. जुन्या गावाची टाकी माझ्याकडे, नव्या वस्तीची कदम मॅडमकडे. माझी नोकरी सव्वीस वर्षांची, त्यांची चार. त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी संक्रांतीला त्यांना बोलावून ओटी भरली होती. त्याचा फोटो माझ्याच बायकोनं मला दाखवला. वर म्हणाली, "ह्यांची बदली आपल्या टाकीवर नाही का होणार?" मी जेवण अर्धं टाकून उठलो.

माझ्या मनानं घेतलं की ही बाई माझं पाणी पळवते.

पाणी शुद्ध होतं त्या फिल्टर प्लँटकडून येणाऱ्या मोठ्या लाइनला नाक्यावर दोन फाटे आहेत, एक तिच्या टाकीकडे, एक माझ्या. दोन्हीवर व्हॉल्व्ह आहेत. व्हॉल्व्ह म्हणजे पाइपमधलं दार. चावीनं आटे फिरवले की ते उघडतं. किती आटे उघडलंय, त्यावरून कुणाला किती पाणी जातं याचा अंदाज येतो. मी आमचे व्हॉल्व्हमन किशनमामा यांना घेऊन नाक्यावर गेलो. मामांनी दोन्हीकडचे आटे मोजले.

"सारखेच हायत, साहेब. कुणी हात लावलेला न्हाई."

"पुन्हा मोजा."

मामांनी पुन्हा मोजले. "तुमचा एक आटा जास्तच निघायलाय."

तिथं मी थांबायला हवं होतं. पण ऑफिसात येऊन मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी तक्रार दिली, की नव्या वस्तीला जादा पाणी सोडलं जातंय, चौकशी व्हावी. नाव लिहिलं नाही. गरजही नव्हती.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. तक्रार मोठ्यानं वाचली. मॅडमनी माझ्याकडे एकदाच बघितलं.

"टाकीत पाणी येतं त्या पाइपला मीटर आहे ना?" साहेब म्हणाले. "दहा दिवस रीडिंग घ्या. तिची टाकी तुम्ही बघा, तुमची ती बघेल. म्हणजे भांडण नको."

दहा दिवस मी रोज सकाळी तिच्या टाकीखाली जाऊन आकडे लिहिले. पाणी कमी भरायचं तेव्हा वाटायचं, उद्या तरी वाढेल. वाढलं नाही. अकराव्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवले. माझ्या टाकीत तिच्यापेक्षा जास्त पाणी पडत होतं.

साहेब म्हणाले, "मग जातं कुठं?"

मॅडम म्हणाल्या, "सर, आपण तुमची लाइन चालत बघू या का?"

त्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम, किशनमामा आणि मी असे तिघं निघालो. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. आज ही गल्ली उघडायची, बाकीच्या बंद ठेवायच्या, उद्या दुसरी. असं केलं तरच चढावरच्या घरांना पाणी चढतं. मॅडमनी आल्या-आल्या पहिलं वर्षभर आपल्या वस्तीतला एकेक व्हॉल्व्ह ग्रीस घालून फिरता केला होता. त्यांच्या पाचव्या दिवसाच्या नळाचं गुपित बस्स, एवढंच.

"इथला व्हॉल्व्ह कुठाय, सर?"

मी पायाखाली बघितलं. सिमेंटचा रस्ता. पुढच्या गल्लीतही तेच. अकरापैकी आठ व्हॉल्व्ह रस्त्याखाली गाडले गेले होते, आणि तेही उघडे. एका वेळी सगळ्या गल्ल्यांना पाणी सुटायचं, उतारावरचे मोटारी लावून ओढायचे, आणि शोभाताईंची चढावरची गल्ली कोरडी राहायची.

"रस्ता करताना पाणीपुरवठ्याचा शेरा घेतात ना?" मॅडमनी विचारलं. "व्हॉल्व्हचं चेंबर रस्त्याच्या पातळीपर्यंत वर उचलून घ्या म्हणून?"

किशनमामा दुसरीकडे बघायला लागले. शेरा माझाच होता. आठही फायलींवर मी 'हरकत नाही' असं लिहून सही केली होती, खुर्चीवर बसून. मी तसं सांगितलं. सांगताना कान तापले.

साहेबांनी मेमो दिला, तो मी घेतला. नवे रस्ते फोडले म्हणून लोकांनी शिव्या दिल्या, त्याही घेतल्या. व्हॉल्व्ह मोकळे करायला तीन महिने लागले. त्यानंतर चढावर सहाव्या दिवशी पाणी यायला लागलं. शोभाताई ऑफिसात पेढे घेऊन आल्या आणि सरळ मॅडमच्या टेबलाकडे गेल्या. "लय उपकार झाले, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "काम सरांचं आहे." शोभाताईंनी मलाही एक पेढा दिला.

आता मी रिटायर आहे. मॅडम दुसऱ्या मोठ्या गावी वरच्या पोस्टवर आहेत, पेपरात अधूनमधून त्यांचा फोटो येतो. नवे इंजिनियर भेटायला आले की मी त्यांना एकच सांगतो, की रस्त्याच्या फायलीवर सही करण्याआधी जागेवर जाऊन चेंबर बघून या. हेवा करू नका, असं मात्र सांगत नाही. पेपरात मॅडमचा फोटो दिसला की मी आजही पान जरा लवकरच उलटतो.