जोडीचं प्रथिन
“हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर एकट्याने जनुक चालू करू शकत नाही, त्याला जोडीचं प्रथिन लागतं, असं माझ्या लक्षात आलं,” काचेच्या दारापलीकडे ताई सरांना इंग्रजीत सांगत होती, आणि माझ्या हातातली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, तिच्यासाठीच होती. कंडेन्स्ड मिल्कचा तो गोड, करपट वास आला की अजूनही मला ते दार आठवतं. ताई पुण्याची, लॅबमध्ये मला सीनियर. मीटिंगमध्ये माझं तोंड उघडत नसे, म्हणून हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांत, जेवताना ती म्हणायची, “अगं, मला मराठीत सांग, मग कसं मांडायचं ते बघू.” तिथेच मी तिला सांगितलं होतं, की फॅक्टर डीएनएवर नीट बसतो, तरी जनुक गप्प राहतं, जोडीचं प्रथिन दिलं की जागं होतं. “इतक्यात कुणाला बोलू नकोस हं, कच्चं आहे अजून,” ती म्हणाली होती. मी आत गेले. ताईने माझ्याकडे न बघताच कोपी घेतली. “यकृताच्या पेशींतही असंच होतं का?” सरांनी विचारलं. “होणारच,” ताई म्हणाली. तो प्रयोग मी आदल्या संध्याकाळी संपवला होता. “नाही, सर,” मी म्हणाले, “तिथे जोडी देऊनही जनुक गप्पच राहतं.” मग तिच्याकडे वळून मराठीत म्हणाले, “हे मी तुला आज सांगणार होते, ताई.”